डेकच्या फळ्यांना फिनिश कोणतं? पहिल्यांदाच डेक करणाऱ्यांसाठी

गच्चीवर, बंगल्यामागच्या अंगणात किंवा कोकणातल्या होमस्टेच्या पूलभोवती डेक करायचं ठरलं, की दुकानदार आधी कॅटलॉग पुढे सरकवतो. त्यातल्या फळ्या मधाच्या रंगाच्या आणि नुकत्या पुसल्यासारख्या दिसतात. तो फोटो फिनिश ताजं असताना काढलेला असतो. आपल्याला मात्र तिसऱ्या पावसाळ्यानंतर डेक कसा असेल याच्याशी देणंघेणं आहे. खराब सगळीच फिनिशं होतात. म्हणून प्रत्येक फिनिशला एकच प्रश्न विचारा: हे खराब होतं तेव्हा कसं होतं, आणि ते पुन्हा ठीक करायला किती राबावं लागतं?

त्याआधी एक लक्षात घ्या, निर्णय दोन आहेत. फळीचा पृष्ठभाग कसा हवा, म्हणजे सपाट, खाचांचा की ब्रश मारलेला, हा पहिला. त्यावर काय लावायचं, तेल, स्टेन (लाकडाला छटा देणारा पातळ द्रव), वॉर्निश, रंग की काहीच नाही, हा दुसरा. पहिला निर्णय फळ्या घेतानाच होतो आणि नंतर फिरवता येत नाही. दुसरा फिरवता येतो, पण त्यातही एक निवड अशी आहे की तिच्यातून मागे येणं महागात पडतं. ती पुढे येईलच.

पहिली पायरी: जागा नीट बघा

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या पुढे. दोन्हीकडे एकच फिनिश सुचवणाऱ्याचं ऐकू नका. पण नुसत्या पावसाच्या आकड्यावरही जाऊ नका. पश्चिमेच्या उघड्या गच्चीवर शत्रू ऊन असतं. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर करडे, सुटे तंतू राहतात. उलट आंब्याखालच्या किंवा दोन इमारतींच्या बोळातल्या डेकवर रंग बरेच दिवस टिकतो, पण जूनच्या शेवटी शेवाळ धरतं आणि माणसं घसरतात. ऊन असेल तर आधी रंगाचा विचार करा, सावली असेल तर पकडीचा.

दुपारी बारा वाजता आणि चार वाजता जागेवर जाऊन उभे राहा. ऊन कुठे पडतं, पागोळ्यांचं पाणी कुठे येतं, अनवाणी कोण चालणार (पोरं, आजी-आजोबा, पूलमधून निघालेले पाहुणे) हे लिहून ठेवा. डेकखालच्या कोब्याला मीटरमागे एक ते सव्वा सेंटीमीटर उतार आहे का तेही बघा. खाली पाणी साचून राहिलं आणि वारा खेळला नाही, तर फळी खालून फुगते आणि वर लावलेलं महागडं फिनिशही फुकट जातं.

दुसरी पायरी: फळी कशाची आहे?

सागवान. सगळ्यात सोपं लाकूड. त्यात स्वतःचं तेल असतं आणि ओलं-सुकं होताना ते कमी हलतं. पण हे वर्णन गाभ्याच्या लाकडाचं आहे. कोवळ्या झाडाच्या फळीत कडेला फिकट, पांढुरके पट्टे दिसतात. तो भाग लवकर कुजतो आणि त्याला वाळवीही लागते. कुठलंही फिनिश लावलं तरी तो भाग सागवानी गाभ्यासारखा टिकाऊ होत नाही. अशा फळ्या निवडून बाजूला काढा. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या वाड्यांचं उतरवलेलं सागवान मिळतं. डेकला ते उत्तम, फक्त आत तुटलेले खिळे राहिलेत का ते लोहचुंबक फिरवून तपासा. रंध्याचं पातं वाचतं, आणि पुढे लोखंडाचे काळे डागही पडत नाहीत.

ऐनाचं लाकूड जड आणि चिवट, पण वाळताना वाकतं, चिरतं. पाइन स्वस्त पडतो, मात्र उघड्यावर वापरायचा तर दाबाखाली औषध मुरवलेलाच घ्यावा. त्याला हिरवट छटा असते. त्याच्या तुकड्यांची शेकोटी करू नका, त्या औषधात बरेचदा आर्सेनिक असतं. हा पाइन दुकानातून ओला येतो. तो सुकल्याशिवाय त्यावर काही लावलं तर ते धरत नाही.

हल्ली थर्मो पाइन, थर्मो ॲश अशा नावांनी भाजलेलं लाकूड येतं. दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्यामुळे ते पाणी कमी पितं आणि छान तपकिरी दिसतं. हा तपकिरी रंग उन्हात टिकत नाही. काही लावलं नाही तर ते चटकन करडं पडतं.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. याला तेल किंवा पॉलिश लावायचं नसतं. फिनिशचा जो काही निर्णय आहे तो दुकानातच घ्यायचा. जुन्या पद्धतीच्या फळीत भुसा पृष्ठभागावर उघडा असतो. तिचा रंग उडतो आणि सांडलेल्या तेलाचा डाग आत जातो. नव्या पद्धतीत फळीवर प्लास्टिकचं कवच असतं. डाग, पाणी यांना ते चांगलं तोंड देतं, पण खोल ओरखडा पडला की आतला वेगळा रंग दिसतो आणि तो घासून काढता येत नाही. गडद रंगाची डब्ल्यूपीसी फळी एप्रिल-मेच्या दुपारी इतकी तापते की पाय टेकवत नाही. ज्या गच्चीवर अनवाणी चालणार तिथे गडद चॉकलेटी घेऊ नका, राखाडी किंवा वाळूचा रंग घ्या.

तिसरी पायरी: सपाट, खाचांची की ब्रश केलेली

इथे बहुतेक नवखे एकाच समजुतीने जातात: खाचा आहेत म्हणजे पाय घसरणार नाही. नवी, स्वच्छ फळी असेल आणि तुम्ही खाचांना आडवे चालत असाल, तर पकड थोडी वाढते हे खरं. खाचांच्या दिशेने चालताना तो फायदा बराच कमी होतो. आणि डेक काही नवा राहत नाही. खाचांत धूळ बसते, धुळीत पाणी थांबतं, त्या ओल्या मातीत शेवाळ येतं. सपाट फळीवरचं शेवाळ झाडूच्या दोन हातांत निघतं, खाचेतलं काढायला गुडघ्यावर बसावं लागतं. लाकडी फळीला अजून एक अडचण: खाचांच्या कडा झिजल्या की कुसळं उभी राहतात, आणि घासून सपाट करायची सोय नसते. मशीन वरच्या कडांवरून जातं, खाचेचा तळ तसाच राहतो.

तरी खाचांचीच हवी असेल, तर खाचा उताराच्या दिशेने ठेवा आणि त्यांचं टोक मोकळं सोडा. पुष्कळ ठिकाणी शोभेसाठी चौफेर आडवी पट्टी मारून खाचांची तोंडं बंद केलेली दिसतात. मग प्रत्येक खाच म्हणजे एक छोटी पन्हळ होते, जिला बाहेर जायला वाटच नाही.

माझं मत विचाराल तर घरगुती लाकडी डेकला सपाट फळी, साधा रंधा मारून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेली. फार गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. सुताराला टेबल बनवायची सवय असते, तो १८०, २२० पर्यंत जातो. हाताला रेशमासारखं लागतं, पण असा पृष्ठभाग तेल कमी पितो आणि ओला झाला की जास्त घसरतो.

ब्रश केलेल्या फळीत तारेच्या ब्रशने मऊ तंतू काढून कडक शिरा वर ठेवलेल्या असतात. पायाला पकड चांगली मिळते आणि ओरखडेही लपतात. पाइनसारख्या लाकडात हे उठून दिसतं, कारण त्यात मऊ आणि कडक वलयांत फरक मोठा असतो. डब्ल्यूपीसीत मात्र ‘थ्रीडी वुडग्रेन’ नावाखाली खोल छापलेल्या नक्षीपेक्षा बारीक ब्रश केलेली मॅट बाजू बरी. सपाट, चकचकीत डब्ल्यूपीसी ओल्यात सरळ नाकारा.

परदेशी मालाच्या कॅटलॉगमध्ये R10, R11 असे आकडे दिसतील. ही जर्मन चाचणी आहे. तेल सोडलेल्या उतरत्या फळीवर बूट घातलेला माणूस चालतो आणि तो किती कोनाला घसरतो ते मोजतात. अनवाणी पायांची चाचणी वेगळी. तिचे वर्ग A, B, C असे असतात आणि C सर्वांत चांगला. पूलभोवतीच्या डेकसाठी दुकानदाराला हा वर्ग विचारा. ब्रिटनमध्ये लोलकाची चाचणी वापरतात, त्यात ओल्या पृष्ठभागाला ३६ किंवा जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. मात्र हे सगळे आकडे सहसा नव्या, स्वच्छ नमुन्याचे असतात. शेवाळ धरलेल्या फळीला त्यांतला कुठलाच लागू नाही.

डेकला पायऱ्या असतील तर फिनिशवर विसंबू नका. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला वाळूसारख्या खरबरीत पट्ट्या बसवा.

चौथी पायरी: वर काय लावायचं

पॉलिशवाला आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘साहेब, पीयू मारू, पाच वर्षं बघायला नको.’ पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर पापुद्रा धरणारं फिनिश. तो खोटं बोलत नसतो. छज्जाखालच्या सागवानी दारावर त्याने मारलेलं पीयू खरंच टिकलेलं असतं. पण दार उभं असतं, त्यावर पाणी थांबत नाही आणि त्यावरून कोणी खुर्ची ओढत नाही.

डेकवर पीयू कसं जातं ते कुठल्याही दोन-तीन वर्षं जुन्या रिसॉर्टमध्ये वाकून बघा. स्क्रूच्या डोक्याभोवती आधी एक पांढुरकं वर्तुळ दिसतं. स्क्रूच्या भोकातून पाणी पापुद्र्याखाली शिरलेलं असतं. लाकूड ओलं होऊन फुगतं, वरचा पापुद्रा तेवढा ताणला जात नाही, मग तो सुटतो. नख घातलं की लांब पट्टी निघून येते आणि खाली लाकूड काळं पडलेलं असतं. आता नुसता त्या डागावर हात मारून भागत नाही. अख्खा डेक मशीनने घासून उघड्या लाकडावर आणावा लागतो. मागे येणं महाग म्हणालो ती निवड हीच. सागवानावर ही गत लवकर होते, कारण त्याच्या अंगच्या तेलामुळे पापुद्रा मुळातच नीट धरत नाही. मेलामाइनचा तर विचारच नको, ते घरातल्या फर्निचरचं काम. बोटींवर वापरतात ते मरीन वॉर्निश जास्त लवचिक असतं. कठड्याला, खुर्च्यांना ते ठीक, चालायच्या फळीला नाही. अपारदर्शक रंगही चालण्याच्या वाटेवरून सोलत जातो.

उरतं ते आत मुरणारं: डेकचं तेल किंवा मुरणारा स्टेन. याचा वर पापुद्रा होत नाही, त्यामुळे ते सोलवटत नाही. ते फिकं पडतं, एवढंच. दारासमोरची चार हात जागा फिकी पडली तर तेवढीच धुऊन, वाळवून पुन्हा तेल मारता येतं. दरवर्षी काम आहे हे खरं, पण ते घरच्या माणसाला रविवारी सकाळी करता येण्यासारखं आहे.

तेल घेताना डब्यावर दोन गोष्टी शोधा: रंगद्रव्य आणि बुरशीनाशक. बिनरंगी तेल लाकडाचा मूळ रंग खुलवतं म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण अतिनील किरण त्यातून आरपार जातात, आणि आपल्या उन्हात काही महिन्यांत फळी करडी पडायला लागते. हलकी तपकिरी किंवा सागवानी छटा घ्या. ऊन अडवायचं काम ते रंगद्रव्यच करतं. ‘टीक ऑइल’ नावाखाली मिळणारा माल सागापासून काढलेला नसतो. तेल, राळ आणि थिनर यांचं ते मिश्रण, आणि प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं. नाव न बघता घटक बघा.

आता घरगुती उपाय. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका. ती वाळत नाहीत, चिकट राहतात आणि धूळ धरतात. जवसाचं तेल वाळतं, पण दमट हवेत त्यावर बुरशी पोसते आणि डेक काळपट होतो. गॅरेजमधलं जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना लावतात तसं डेकला लावायची आयडिया कोणी ना कोणी देणारच. ते विषारी आहे, पायाला लागून घरभर होतं आणि नंतर त्या लाकडावर दुसरं काही धरत नाही. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल वाळवीसाठी वाशांना लावायची जुनी रीत आहे. वाशांना ते जरूर लावा, पण अंगाला लागलं तर फोड येतात. अनवाणी चालायच्या फळीवर त्याचं काम नाही.

आणि काहीच न लावणं? सागवानी गाभ्याच्या फळीला हा अगदी रास्त पर्याय आहे. ती रुपेरी करडी होते, त्याने तिची ताकद जात नाही. अट एकच: धुणं-घासणं चुकवायचं नाही, कारण शेवाळाला तेल लावलंय की नाही याने फरक पडत नाही. पाइनला मात्र उघडं सोडू नका. औषध किडीपासून वाचवतं, चिरण्यापासून नाही.

पाचवी पायरी: आधी नमुना करा

सगळ्या फळ्या घ्यायच्या आधी एक घ्या. तिचे हातभर लांबीचे तुकडे करा, वेगवेगळी फिनिशं लावा, मागे नाव लिहा आणि गच्चीवर जिथे डेक होणार तिथेच ठेवा. प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर एक कुंडी ठेवा. काही आठवड्यांनी कुंडी उचला. उघड्या आणि झाकलेल्या भागातला फरक म्हणजे उन्हाने केलेलं काम. पकड बघायची तर तुकडा फरशीवर घट्ट बसवा, साबणाचं पाणी ओता आणि भिंतीला हात धरून आधी अनवाणी, मग रबरी चपलेने पाय सरकवून बघा. दुकानातल्या बोटभर चकतीवरून यातलं काहीच कळत नाही.

सहावी पायरी: लावायचं कसं

महिना महत्त्वाचा. पाऊस गेल्यावर लाकूड पूर्ण वाळायला काही आठवडे द्या. घाटावर नोव्हेंबर, कोकणात त्याहून थोडं उशिराच बरं. पावसाच्या तोंडावर लावायचं असेल तर एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत उरका. लाकूड तयार आहे का ते पाण्याच्या थेंबाने कळतं. फळीवर चार थेंब टाका. काही मिनिटांत मुरले तर तेलही मुरेल. थेंब तसेच मण्यांसारखे बसून राहिले, तर फळी अजून ओली आहे, किंवा कारखान्याच्या रंध्याने पृष्ठभाग दाबून बंद झाला आहे. तो ६० ते ८० नंबरच्या पेपरने उघडा करा.

फळ्या बसवायच्या आधीच तेल लावायला मिळालं तर सोनं. खालची बाजू, कडा आणि मुख्य म्हणजे कापलेली टोकं तेव्हाच हाताला लागतात. लाकूड टोकातून पृष्ठभागापेक्षा कितीतरी झपाट्याने पाणी ओढतं, आणि फळ्या चिरायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. टोकांना तेलाचे दोन-तीन हात (थर) द्या. जागेवर नव्याने कापलेलं प्रत्येक टोक पुन्हा माखायला सुताराला बजावून सांगा, नाहीतर तो विसरतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे घ्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे. साधा लोखंडी स्क्रू सागातल्या, ऐनातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळा ओघळ सोडतो, तो कुठल्याही तेलाखाली लपत नाही.

उन्हात तापलेल्या फळीवर तेल मारू नका, ते आत जायच्या आधी वरच वाळतं. सकाळी दव सुकल्यावर किंवा चारनंतर बसा. एका वेळी दोन-तीन फळ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्येच थांबलात तर जोडाचा गडद पट्टा कायम दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल चिंधीने पुसून घ्या. ही पायरी सगळे टाळतात, ‘राहू दे, मुरेल’ म्हणून. ते मुरत नाही, चिकट चकाकी धरतं. सपाट फळीला एका हातासाठी लिटरमागे साधारण ८ ते १२ चौरस मीटर धरा. खाचांच्या किंवा ब्रश केलेल्या फळीला तेल बरंच जास्त लागतं.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळणारं तेल उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या चिंधीत ती इतकी साठते की काडी न लावता पेट घेते. चिंध्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. हे त्याच संध्याकाळी, आवराआवर करतानाच.

सातवी पायरी: पुढची निगा

वर्षातून एकदा थेंबाची चाचणी करा. पाणी मुरायला लागलं की तेलाची वेळ झाली. करड्या पडलेल्या किंवा लोखंडाचे डाग पडलेल्या लाकडाला ऑक्झॅलिक ॲसिडची पूड पाण्यात विरघळवून लावतात. रंग परत येतो, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, कुंड्या बाजूला करा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग पावडर लाकडाला नको, तंतू खातं. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर जवळून धरला तर मऊ लाकूड उडून रेघा पडतात. लांबून, पंख्यासारख्या पसरट फवाऱ्याने मारा.

पावसाळ्यात तेलकाम बंद, फक्त झाडू. हिराचा झाडू घ्या आणि आठवड्यातून एकदा फळ्यांच्या लांबीने ओढा. फटींत अडकलेली पानं जुन्या चाकूने काढा, कारण फट बुजली की पाणी फळीच्या कडेला थांबतं. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली पायांचा स्टँड घ्या. डब्ल्यूपीसीलाही हे सगळं लागू आहे, फक्त तेलाचा भाग सोडून. शेवाळ त्याच्यावरही येतं, दुकानदार काही म्हणो.